एक फेरा पुरा होऊ दे

बातमी चांगली असो की वाईट, सर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे, हवेत एक वर्तुळ काढायला घ्यायचे आणि ते अर्ध्यावर सोडून म्हणायचे, "एक फेरा पुरा होऊ दे, मग बोलू." सांगणाऱ्याचा उत्साह तिथल्या तिथे मरायचा.

आमच्याकडे नवे प्राचार्य आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्टाफरूमला नवा पंखा दिला. आम्ही सगळे खूश. सरांचं बोट वर. उन्हाळा लागायच्या आत तो पंखा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला, तेव्हा सर डब्यातली चवळी खात खिडकीबाहेर बघत होते. "मी म्हटलं नव्हतं का?" असं त्यांनी कधीच कोणाला ऐकवलं नाही, आणि त्याचाच जास्त राग यायचा. माझ्या मुलीला नोकरी लागली म्हणून मी पेढे नेले, तर यांनी पेढा तोंडात टाकला आणि बोट वर केलं. मी म्हटलं, "सर, मग पेढाही पुढच्याच वर्षी खायचा होता." त्या दिवशी ते चक्क मोठ्याने हसले.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल. कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण कोणाच्या आनंदातही नाही. कर्जतच्या कॉलेजात मी मराठी शिकवायची आणि ते भौतिकशास्त्र. आमची टेबलं शेजारीशेजारी. मी दहिवलीला राहायची, ते कळंबजवळच्या गावातून मोटारसायकलवर यायचे. मोटारसायकलला अडकवलेल्या टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद चिकटवलेला असायचा. पोरं त्यांना पाठीमागे 'रेड सिग्नल' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. त्यांना वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

तो लाल कागद कशासाठी, हे मला उशिरा कळलं. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडतात, लालने नाही. सरांनी गावाबाहेरच्या आपल्या माळावर पत्र्याची शेड बांधली होती. तिचं छप्पर सरकायचं. शिळफाट्याच्या एका वेल्डरने सरकत्या गेटची चाकं लावून ते करून दिलं होतं, आणि हे गेट आडवं का बसवायचं ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. आत दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप. आणि हे सगळं एकाच ताऱ्यासाठी. आकाशात एवढे तारे, पण या माणसाने एकाशीच संसार मांडला होता.

मघा नक्षत्र तुम्ही पाहिलं असेल. सिंह राशीच्या आकृतीतल्या आयाळीत, मघेच्या थोडं वर, तो तारा आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तांबडा बटू म्हणतात त्या जातीचा, सूर्यापेक्षा लहान, थंड, मंद. मी एकदा विचारलं, "त्यात बघण्यासारखं काय आहे, सर?" त्यावर त्यांनी डबा बाजूला सारला आणि माझा तास घेतला. सूर्यावर डाग येतात. ते डाग म्हणजे चुंबकत्वाच्या गाठी. अकरा वर्षांच्या आसपास ते वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. सूर्याच्या आत वरचा थर उकळत असतो आणि खालचा स्वस्थ असतो. त्या दोघांच्या सांध्यावर चुंबकत्वाला पीळ पडतो, असं मानतात. पण काही तांबडे बटू पेजेच्या भांड्यासारखे तळापासून उकळतात, त्यांच्यात सांधाच नाही. तरी त्यांच्यातल्या काहींचे डाग वर्षानुवर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होतात असं दिसतंय. मग तो फेरा येतो कुठून?

"हा माझा अगदी काठावरचा आहे, बाई. आत सांधा आहे की नाही, कोणी छातीठोक सांगत नाही. डाग वाढले की तो किंचित मंद होणार, कमी झाले की किंचित उजळणार. त्यासाठी दर वर्षी त्याच दुर्बिणीने बघत राहायचं. दुसरं काही नाही."

मध्येच या ताऱ्यावर मोठा भडका उडतो आणि काही मिनिटं तो एकदम तेजाळतो म्हणे. मी म्हटलं, ते तरी बघण्यासारखं असेल. तर म्हणाले, "भडके कोणीही बघेल. मला त्याचा स्वभाव बघायचाय." मराठीच्या बाईला हे वाक्य आवडणार, हे त्यांना माहीत असावं. मला आवडलंही.

आता अडचण होती धुराची. आमच्याकडे भाताच्या रोपांची जागा उन्हाळ्यात भाजतात. शेण, पाला, गवत यांचे थर पसरून पेटवून द्यायचे. याला राब भाजणं म्हणतात. त्याने जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने येतं. पण हा राब भाजतात ते दिवस आणि सिंह डोक्यावर असतो ते दिवस एकच. माळाच्या तिन्ही बाजूंनी सरांच्या भाऊबंदांची शेतं. संध्याकाळी पेटवलेला राब धुमसत राहायचा आणि धूर सरांच्या शेडवर बसून असायचा.

सरांची चुलती होती, सगळा गाव तिला काकू म्हणायचा. ती हो म्हणाली की गाव हो म्हणायचा. सर तिच्याकडे गेले. मी त्या दिवशी तिथे होते, पावट्याच्या शेंगा घ्यायला गेले होते. सरांनी ओटीवर बसून सगळं सांगितलं, तारा, डाग, फेरा. काकू शेंगा निवडत होती. तिचा मुलगा बाळू दाराला टेकून उभा होता, त्याच्या बायकोच्या कडेवर पोर होतं.

"राब नाय भाजला तं तण माजंल रं," काकू म्हणाली. "खुरपायचं कोणी?"

खुरपणार बायकाच, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती.

मग काकूच म्हणाली, "बरं, खुरपू आमी. पण तुजा तो तारा मला दाव एकदा. कोणासाठी खुरपायचं ते बगू तरी दे."

सरांनी बोट वर केलं. "दाखवतो काकू. त्यात आत्ता बघण्यासारखं काही नाही, नुसता ठिपका दिसतो. एक फेरा पुरा होऊ दे."

मला तेव्हाच म्हणावंसं वाटलं, अहो दाखवा की ठिपका, म्हातारी ठिपक्यावर खूश होईल. पण मी कोण? शेंगा घेऊन घरी आले.

आणि गावाने खरंच राब थांबवला. आधी काकूच्या घरचा, पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांचा, मग हळूहळू माळाभोवतीच्या सगळ्यांचा. कोणी लिहून घेतलं नव्हतं, कोणी सभा बोलावली नव्हती. काकूचा शब्द होता. पावसाळ्यात रोपात तण माजायचं आणि बायका चिखलात वाकून ते उपटायच्या. बाळूच्या बायकोची कंबर कामातून गेली. कर्जतला डॉक्टरकडे आली की माझ्याकडे टेकायची, चहा घ्यायची. तोंडाने कधी काही बोलली नाही. एवढंच म्हणायची, "सरांचं काम व्हऊ दे."

सरांचं काम होत होतं. तारा मंद होत चालला होता. शंभरातला एखादाच भाग, पण दर वर्षी थोडा थोडा. डाग वाढत होते. स्टाफरूममध्ये सर चवळी खाताना गुणगुणू लागले. मी पेपर तपासता तपासता म्हणायची, "सूर लागत नाही, सर." त्यांना त्याचं काही नव्हतं.

मग काकू गेली. तिच्या दिवसकार्याला सर पांढरे कपडे घालून बसले होते, आणि बाळू त्यांना "दादा, खाऊन घ्या" म्हणत होता. काकू गेल्यावर शब्दही गेला. एका घराने राब भाजला, दुसऱ्याने बघितलं, तिसऱ्याने पेटवला. बाळूने मात्र बरीच वर्षं भाजला नाही. आईचा शब्द, म्हणायचा. शेवटी बायकोला वाकता येईना तेव्हा त्यानेही पेटवला. सरांनी कोणाला बोल लावला नाही. बोल लावायला तोंडही नव्हतं. पण याच वर्षांत तारा उजळायला लागला होता, त्यामुळे सर आपल्या आनंदात होते. "उतार लागला बाई, डाग कमी होतायत," असं मला जिन्यात थांबवून सांगायचे.

सर निवृत्त झाले, मग मीही. कळंबच्या रस्त्याला रिसॉर्टं झाली होतीच, आता ती माळापर्यंत आली. भाऊबंदांनी एकेक करून जमिनी दिल्या. बाळूनेही दिली. शेती संपली, राब संपला. आणि तारा पुन्हा मंद व्हायला लागला. सरांचा फेरा पुरा झाला होता आणि दुसरा सुरू झाला होता. आयुष्यभर कशावर विश्वास न ठेवलेल्या माणसाने विश्वास ठेवला. त्यांनी सगळं नीट लिहून काढलं आणि त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवलं. ती परदेशात याच विषयात काम करते. मधल्या काळात ही गोष्ट गावात पसरली आणि रिसॉर्टच्या शेठच्या कानावर गेली. त्याला ती फार आवडली. गेटवर मोठी पाटी लावायची, सरांचा सत्कार करायचा, शहरातल्या लोकांना तारे बघायला बोलवायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

सत्काराच्या आधी दोन-चार दिवस सर माझ्याकडे दहिवलीला आले. भर दुपारी. बसले, पाणी प्यायले, आणि विचारलं, "बाई, काकू कुठल्या वर्षी गेली?"

मी सांगितलं. मला अशा गोष्टी लक्षात राहतात. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी.

"लोकांनी राब परत कधी सुरू केला?"

तेही सांगितलं. मग बाळूच्या बायकोची कंबर कधीपासून, पहिली जमीन कधी गेली, शेवटची कधी. ते टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने रेघ काढत होते. खाली आली, वर गेली, पुन्हा खाली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "हा माझा तारा."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि ते इतकं सोपं होतं की ऐकवेना. विद्यार्थिनीचा फोन आला होता. दूरच्या डोंगरांवरच्या मोठ्या दुर्बिणींतून याच ताऱ्याकडे बघतात, आणि त्यांच्याकडे तो या वर्षांत असा वरखाली झालेलाच नाही. त्याचा फेरा असलाच तर वेगळा आहे. तिने भीतभीत विचारलं होतं, सर, तुम्ही शेजारच्या कोणत्या ताऱ्यांशी तुलना केलीत? सरांनी केली होती पांढऱ्या ताऱ्यांशी. त्यांच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तेवढेच मावत होते. धूर सगळ्यांसमोर सारखाच, म्हणजे तुलनेत तो कटून जाणार, असं त्यांनी धरलं होतं. पण धूर सारखा नसतो. मावळता सूर्य तांबडा का दिसतो? हवेतला धुरळा निळा उजेड अडवतो आणि तांबडा सोडतो. धुरात पांढरे तारे जास्त मार खायचे आणि तांबडा बटू त्यांच्यापुढे उजळ वाटायचा. धूर गेला की तो मंद वाटायचा. हे सर दर वर्षी अकरावीला शिकवत होते.

"दर वर्षी सारखाच धूर असता तरी चाललं असतं," ते म्हणाले. "फरक पडला नसता. यांनी राब थांबवला म्हणून फेरा दिसला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. दुसरं काय करणार? चहा घेऊन आले तर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि त्या रेघेवरून बोट फिरवत होते. मी म्हटलं, सत्कार रद्द करा, तब्येतीचं कारण सांगा, मी शेठला फोन करते. तर म्हणाले, नाही, गावाला सांगायला हवं.

सत्काराला मांडव होता, खुर्च्या होत्या, शेठने खालापूरहून बँड आणला होता. सरांना शाल घातली, नारळ दिला. पाटीवरचा पडदा ओढला. 'तांबड्या ताऱ्याच्या चुंबकीय चक्राचा शोध याच मातीतून लागला' असं मोठ्या अक्षरांत. मग सर माईकपाशी उभे राहिले आणि त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं सरळ सांगितलं. धूर, राब, काकूचा शब्द. म्हणाले, "मी ज्याला ताऱ्याचे डाग समजलो, ते तुमच्या बायकांच्या कंबरेचं दुखणं होतं. शोध लागलेला नाही. ही पाटी खोटी आहे, ती काढा."

मग शेठने त्यांच्या हातून माईक घेतला आणि म्हणाला, बघा, एवढा मोठा माणूस, पण विनय किती! आणि टाळ्या वाजल्या. मांडव दणाणला. बँडवाल्यांना वाटलं संपलं, त्यांनी वाजवायला घेतलं. मी त्या दिवशी माणसांचा जेवढा तिरस्कार केला तेवढा कधी केला नसेल. सर शालीचं टोक हातात धरून उभे होते.

ऐकलं ते एकट्या बाळूने. जेवणाच्या पंगती बसत होत्या तेव्हा तो सरांच्या समोर येऊन उभा राहिला.

"म्हंजे आमी उगाच खुरपलं?"

सरांनी मान हलवली. हो म्हणाले.

"बरं, सर," बाळू म्हणाला, आणि न जेवता बायकोला घेऊन निघाला. तोपर्यंत त्याच्या तोंडी कायम 'दादा' असायचं.

त्यानंतर सर वर्षभर होते. शेडचं छप्पर पुन्हा सरकवलं नाही. चाकं गंजली. मी जायची तेव्हा अंगणात बसलेले असायचे. नव्या पुलाचं, निवडणुकीचं, काहीही सांगा, ऐकून घ्यायचे आणि "असं का" म्हणायचे. बोट वर होत नव्हतं. ज्या बोटाचा मला इतकी वर्षं राग यायचा, ते एकदा तरी वर व्हावं म्हणून मी मुद्दाम नसत्या बातम्या सांगायची. एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, काकूला तो ठिपका का दाखवला नाहीत? राब थांबल्यावर दर उन्हाळ्यात स्वच्छ रात्री होत्या. ते म्हणाले, खात्री नव्हती. मी म्हटलं, तारा आहे याची तर होती? सर गेले, त्यांच्याविषयी वाईट लिहू नये म्हणतात. पण ही एक गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही. त्यांचा शोध चुकला, त्याचं काही नाही. चूक सगळ्यांची होते, आणि ती माईकवर सांगायला छाती लागते. म्हातारीने आयुष्यात त्यांच्याकडे एक ठिपका मागितला होता.

त्यांच्या पुतण्यांनी माळ शेठला दिला. शेड आता बार आहे. सरकतं छप्पर तसंच ठेवलंय, पाहुण्यांना मौज वाटते.

गेल्या एप्रिलमध्ये मी कळंबहून येताना दिवेलागणीनंतर तिथे रिक्षा थांबवली. राब भाजायला आता कोणी उरलेलं नाही. सरांनी जन्मभर मागितली तशी हवा, धुराचा मागमूस नाही. आणि वर एकही तारा दिसत नव्हता, कारण पाटीवर दोन मोठे हॅलोजन सोडले होते. पाटी मात्र लख्ख दिसत होती.

गेटवर वॉचमनच्या कपड्यात बाळू होता. मला ओळखलं, खुर्ची दिली. मी म्हटलं, "बाळू, हे दिवे जरा बंद कर रे."

त्याने आतल्या बाजूला पाहिलं. "शेट आत हायत," म्हणाला. तरी उठला आणि बटण दाबलं. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग सिंह दिसला, डोक्यावरच होता. मी त्याला मघा दाखवली, तिच्या वरची आयाळ दाखवली, आणि म्हटलं की तिच्यातच कुठेतरी सरांचा तारा आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.

बाळूने टोपी काढली आणि बराच वेळ वर बघत राहिला.

"दादांनी आईला दावायचा व्हता, बाई," तो म्हणाला. "नुसती जागा दावली असती तरी चाललं असतं."

आतून कोणीतरी दिवे का गेले म्हणून ओरडलं. बाळूने टोपी घातली आणि बटण दाबलं.